पाथरीचे दोन दिवस

परगावचे स्नेही पाथरीला यायचे म्हणतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: साईमंदिर सोडून तिथे पाहायचे काय? गावात उत्तरही ठरलेले आहे, 'तासाभरात होऊन जातं सगळं.' या भागात बरीच वर्षे काढल्यावर मला हे उत्तर पटेनासे झाले आहे. पाथरीला दोन दिवस लागतात. मात्र येण्याआधी घरी एक संध्याकाळ वाचनात घालवायला हवी, कारण इथला सर्वांत मोठा ऐतिहासिक अवशेष जागेवर नाही.

तो अवशेष म्हणजे पाथरीचा किल्ला. फेरिश्ता या इतिहासकाराने दिलेली हकिगत अशी: पाथरीच्या कुळकर्णी घराण्यातला एक पूर्वज काही कारणाने विजयनगरच्या मुलखात गेला. त्या कुळातला तिमाभट नावाचा मुलगा बहमनी फौजेच्या हाती सापडला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावाने राजपुत्राबरोबर फारसी-अरबी शिकला. बापाचे नाव भैरव. त्याचा अपभ्रंश होऊन 'बहरी' हे उपनाम त्याला चिकटले. (बहरी म्हणजे ससाणा, अशी दुसरी व्युत्पत्तीही सांगतात. मला पहिली अधिक जिवंत वाटते.) हा मलिक हसन पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला, आणि त्याचा मुलगा अहमद याने १४९० मध्ये निजामशाही स्थापन केली. अहमदनगर लढवणारी चांदबिबी ही या अहमदाची पणती.

दौलतीला आल्यावर या घराण्याला मूळ गावाची ओढ लागली. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. पाथरीचे भाऊबंद अहमदनगरच्या दरबारात पोचले होते. बुऱ्हाण निजामशहाने अल्लाउद्दीन इमादशहाकडे मागणी केली, की पाथरी द्या आणि तिच्या बदल्यात जास्त उत्पन्नाचा परगणा घ्या. इमादशहाने नकार देऊन किल्ल्याची मजबुती सुरू केली. १५१८ मध्ये निजामशहाने पाथरी घेतली, इमादशहाने ती परत मिळवली, १५२७ मध्ये निजामशहाने पुन्हा जिंकली. या वेळी तोफा डागून किल्ला घेतल्यावर त्याने तो जमीनदोस्त केला आणि परगणा आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिला, असे फेरिश्ता लिहितो. वतनाच्या गावासाठी दोन सलतनतींनी लढावे आणि जिंकणाऱ्यानेच तिथला किल्ला पाडावा, असे उदाहरण दख्खनच्या इतिहासात मला दुसरे आठवत नाही.

फ्रान्समध्ये कार्कासोन नावाचे तटबंदीचे शहर आहे. एकोणिसाव्या शतकात सरकार तिथला तट पाडायला निघाले होते. गावकऱ्यांनी आरडाओरड केली आणि १८५३ पासून व्हिओले-ल-द्यूक या वास्तुतज्ज्ञाने त्याची दुरुस्ती हाती घेतली. आज तिथे दोन दिवसांसाठी जाणाऱ्याला नकाशा पुरतो. तटावरून फिरले की मध्ययुग दिसते, निदान दिसल्यासारखे वाटते, कारण बुरुजांवरची टोकदार छपरे या दुरुस्तीतली आहेत आणि त्यांवरून पुष्कळ वादही झाले. पाथरीत तट नाही, म्हणून नकाशाही पुरत नाही.

आता प्रत्यक्ष आखणी. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर मानवत रोडला उतरावे आणि मानवतमार्गे पाथरी गाठावी. एसटीने किंवा गाडीने येणाऱ्यांना कल्याण–निर्मल महामार्ग सोयीचा. तो पाथरीतूनच जातो. दिवस डिसेंबर-जानेवारीचे निवडावेत. मेमधले ऊन पाहुण्याला सोसणारे नाही, आणि हिवाळ्यात हुरडा असतो. 'परभणी मोती' हे ज्वारीचे नावाजलेले वाण याच जिल्ह्यातल्या कृषी विद्यापीठाचे, हे हुरडा खाताना लक्षात असावे.

पहिला दिवस पायी, गावात. या गावाचे जुने नाव पार्थपूर, असे लोक सांगतात आणि अर्जुनाशी नाते जोडतात. ते ऐकून घ्यावे. अकबराच्या काळात पाथरी वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे ठाणे होती, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचे गाव. मग वैष्णव गल्लीत यावे. साईबाबांच्या जन्मस्थानाचा प्रश्न इथेच येतो. दाभोलकरांचे साईसच्चरित बाबांचे जन्मस्थळ आणि मायबाप अज्ञात मानते. नरसिंहस्वामींनी मात्र म्हाळसापतींच्या हवाल्याने, आपण पाथरीच्या ब्राह्मणाचे मूल असल्याचे बाबांनी सांगितले, अशी नोंद केली. १९७५ मध्ये वि. बा. खेर पाथरीत येऊन चौकशी करून गेले आणि त्यांनी भुसारी घराण्याचा तर्क मांडला. आजचे मंदिर त्या घराच्या जागेवर उभे आहे. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा केली आणि शिर्डीत बंद पुकारला गेला. पुरावा म्हणून पाहिले तर म्हाळसापतींची साक्ष ऐकीव आहे, आणि खेरांचा निष्कर्ष तर्क आहे. दोन्ही टाकाऊ नाहीत, दोन्ही निर्णायकही नाहीत. माझी चिंता वेगळी आहे. सगळा पैसा आणि सगळे लक्ष एका घराभोवती गोळा झाले, तर उरलेल्या गल्ल्यांतल्या जुन्या वाड्यांच्या जोत्यांची, शिळांची, बारवांची नोंद कोण करणार? जुने घर पाडून नवे बांधताना पाया खणला जातो, दगड निघतात, आणि ट्रॅक्टरमध्ये भरून जातात. पाडलेल्या किल्ल्याचे दगड कोणत्या भिंतींत बसले असतील, याचा शोध घ्यायचा तर त्या भिंती उभ्या असेपर्यंतच.

दुसरा दिवस गोदावरीचा. त्यासाठी वाहन हवे. मुद्गलला मुद्गलेश्वराचे मंदिर नदीच्या पात्रातच आहे. पाणी चढलेले असताना जाण्यात अर्थ नाही, म्हणून निघण्याआधी पाण्याची चौकशी करावी. गुंजला टेंबेस्वामींचे शिष्य योगानंद सरस्वती, म्हणजे गांडा महाराज, यांची समाधी आहे. तिथला घाट दुपारी शांत असतो. वेळ उरला तर सोनपेठकडे वळावे. १५९७ मध्ये खानखानानची मोगल फौज आणि सुहेलखानाच्या नेतृत्वाखालची दख्खनी फौज यांची मोठी लढाई त्याच बाजूला गोदाकाठी झाली आणि मोगलांच्या बाजूने लढणारा खानदेशचा राजा अलीखान तीत पडला. तिथेही पाहायला काही नाही. काळे रान आहे आणि कापूस-ऊस आहे.

परतीला माजलगावचा रस्ता धरला तर ढालेगावला गोदावरी ओलांडावी लागते. बंधाऱ्याजवळ गाडी थांबवून दहा मिनिटे उतरावे. उत्तरेला पाथरी, पलीकडे बीड जिल्हा, आणि मधे अडवलेले पाणी.