औषध केव्हा हवे, केव्हा नको

दिनांक १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. त्या काळी मालवण, देवगड आणि वेंगुर्ले तालुक्यांतील अनेक गावांना खाडी तरीने ओलांडून दवाखाना गाठावा लागत असे. औषध गावापर्यंत पोहोचवावयाचे कसे, हाच आरोग्यसेवेपुढील मुख्य प्रश्न होता. पूल झाले, रस्ते झाले, प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे उभी राहिली, आशा स्वयंसेविका घरोघर जाऊ लागल्या आणि बाजारपेठांतून औषधांची दुकाने निघाली. त्यामुळे तो प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. मात्र त्याबरोबर एक नवा प्रश्न निर्माण झाला आहे. जेथे औषधाची गरज नाही तेथेही ते घेतले जाते आणि जेथे खरी गरज असते तेथे ते उशिरा घेतले जाते किंवा मध्येच सोडून दिले जाते. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. उपचार म्हणजे औषध, असे समीकरण आपल्या मनात पक्के झाले आहे.

हा प्रश्न केवळ आपल्या जिल्ह्याचा नाही. केंद्र शासनाने नेमलेल्या हाथी समितीने १९७५ साली आपल्या अहवालात ११७ अत्यावश्यक औषधांची यादी सुचविली होती. बाजारात हजारो औषधे असली तरी बहुसंख्य रुग्णांच्या गरजा मोजक्या औषधांनी भागतात, हा त्यामागील विचार होता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही १९७७ साली अशीच यादी प्रसिद्ध केली. २०२२ साली सुधारण्यात आलेल्या आपल्या राष्ट्रीय यादीत ३८४ औषधे आहेत. योग्य औषध निवडण्याइतकेच अनावश्यक औषध टाळणे महत्त्वाचे आहे, हे तत्त्व मात्र अद्याप गावोगाव रुजलेले नाही.

सलाईनच्या बाटलीत काय असते?

"नुसत्या गोळ्या दिल्या, सुईसुद्धा मारली नाही" अशी तक्रार दवाखान्यातून परतणाऱ्या रुग्णाच्या तोंडी नेहमी ऐकू येते. अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घेण्याची प्रथा तर सर्वत्र दिसते. म्हणून या बाटलीत काय असते ते पाहणे उपयुक्त ठरेल. ग्लुकोज व मीठ असलेल्या ५०० मिलिलिटरच्या नेहमीच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम साखर आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. बाकी सर्व पाणी. तिच्यातून मिळणारी शक्ती एका केळ्यातून मिळणाऱ्या शक्तीपेक्षा अधिक नसते. ज्या रुग्णास तोंडाने काही घेता येत नाही, ज्याच्या शरीरातील पाणी धोकादायक प्रमाणात कमी झाले आहे किंवा ज्याला औषध शिरेवाटेच देणे भाग आहे, त्याच्यासाठी सलाईन जीवनदायी असते. चालत दवाखान्यात आलेल्या व जेवू शकणाऱ्या माणसास तिचा लाभ नाही. उलट सुई निर्जंतुक नसल्यास कावीळ ब व क, तसेच एच.आय.व्ही. यांसारख्या संसर्गांचा धोका संभवतो.

पेजेचे शास्त्र

अतिसारात शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने कमी होतात आणि मृत्यू ओढवतो तो त्यामुळेच. आतड्यात साखर आणि मीठ एकत्र असतील तर पाणी अधिक चांगले शोषले जाते, या शोधावर क्षार-संजीवनीचा उपचार आधारलेला आहे. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे द्रावण तोंडाने देण्याचा निर्णय घेतला. ३० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनबीस यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

हे द्रावण घरी करता येते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ मिसळावे. मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये. आरोग्य केंद्रातील ओ.आर.एस.ची पुडी मिळाल्यास अधिक उत्तम. मालवणी घरात तर याचे दुसरे साधन रोजच चुलीवर असते. उकड्या तांदळाच्या पेजेतील पिष्टाचे पोटात हळूहळू साखरेत रूपांतर होते. त्यामुळे चिमूटभर मीठ घातलेली पातळ पेज हे अतिसारातील उत्तम पेय व अन्न दोन्ही आहे. तांदळाच्या पिठापासून केलेले असे द्रावण पटकीच्या रुग्णांना उपयोगी पडते, हे ढाका येथील संशोधनातून सिद्ध झाले आहे. आजीने वाढलेल्या पेजेमागे असे शास्त्र आहे.

अतिसार झालेल्या बालकाचे स्तनपान चालू ठेवावे. सहा महिन्यांवरील बालकास आरोग्य सेविकेच्या सल्ल्याने झिंकची गोळी १४ दिवस द्यावी. बहुतेक जुलाबांत प्रतिजैविकांची आवश्यकता नसते. परंतु शौचातून रक्त पडत असेल, मूल पिऊ शकत नसेल, डोळे खोल गेले असतील किंवा लघवी थांबली असेल, तर विलंब न करता डॉक्टर गाठले पाहिजेत.

एक ताप, दोन कारणे

औषध केव्हा हवे आणि केव्हा नको, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होण्याचा संभव असतो. उंदीर व इतर प्राण्यांच्या मूत्रातून पाण्यात आलेले जिवाणू पायाच्या जखमांतून शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळे लाल होणे ही त्याची लक्षणे होत. या रोगात प्रतिजैविक वेळेवर मिळाले तर रुग्ण बरा होतो. उशीर झाल्यास मूत्रपिंडे, यकृत व फुप्फुसे निकामी होऊ शकतात. असा ताप अंगावर काढणे प्राणघातक ठरते.

याच जिल्ह्यात २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा रोग विषाणूमुळे होतो आणि गोचिडीच्या चाव्यातून पसरतो. काजूच्या हंगामात व पालापाचोळा गोळा करताना त्याचा धोका वाढतो. विषाणूंवर प्रतिजैविके मुळीच चालत नाहीत. येथे रुग्णास वेळीच रुग्णालयात नेऊन त्याच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणे, तसेच गोचीड चावू नये म्हणून अंगभर कपडे व प्रतिबंधक तेल वापरणे, हाच खरा उपाय होय. डेंग्यूही विषाणूजन्य आहे. त्यात अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके स्वतःच्या मनाने घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दोन्ही रुग्णांचा ताप हाताला सारखाच लागतो. म्हणून दुकानातून गोळ्या आणून वाट पाहण्याऐवजी रक्ततपासणी करून घेणे हाच योग्य मार्ग आहे. गरज नसताना घेतलेल्या प्रतिजैविकांमुळे जिवाणू त्या औषधांना दाद देईनासे होतात. २०१९ या एका वर्षात अशा प्रतिरोधामुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज शास्त्रज्ञांनी वर्तविला आहे. महत्त्वाच्या अनेक प्रतिजैविकांची विक्री चिठ्ठीशिवाय होऊ नये व तिची नोंद राहावी, यासाठी १ मार्च २०१४ पासून देशात एच-१ ही अनुसूची लागू आहे. ग्राहकाने चिठ्ठीवाचून आग्रह धरला नाही, तरच या नियमाचा हेतू सफल होईल.

खोकला आणि श्वासांची मोजणी

साधी सर्दी विषाणूमुळे होते व साधारणतः सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, विश्रांती आणि एक वर्षावरील मुलांना चमचाभर मध एवढे पुरेसे असते. एक वर्षाखालील बालकास मात्र मध देऊ नये. खोकल्याच्या औषधांविषयी पालकांनी विशेष सावध राहावयास हवे. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे दूषित सिरपमुळे २० हून अधिक बालके दगावली. त्यानंतर, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सर्वसाधारणपणे टाळावीत, अशी सूचना केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दिली.

मग धोकादायक खोकला ओळखावयाचा कसा? डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कार्याने याचे उत्तर दिले आहे. तेथे प्रशिक्षित ग्रामस्थांनी मुलांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखला व त्याच मुलांना प्रतिजैविक दिले. त्यामुळे न्यूमोनियाने होणाऱ्या बालमृत्यूंत मोठी घट झाली. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बालकाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास होत असतील, अथवा छाती आत ओढली जात असेल, तर ते तातडीने उपचार हवेत याचे लक्षण समजावे. प्रौढांचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी.

वृद्धांची औषधपिशवी

मुले नोकरीनिमित्त मुंबईस आणि आईवडील गावी, ही आपल्या जिल्ह्यातील घरोघरची स्थिती आहे. अशा वृद्धाकडे गावच्या डॉक्टरांची एक चिठ्ठी, बांबोळीच्या रुग्णालयातील दुसरी आणि मुंबईहून आलेली तिसरी असते. गणपतीला येणारा चाकरमानी आणखी एखादे टॉनिक आणतो. एकच औषध दोन वेगळ्या नावांनी दुप्पट घेतले जाण्याचा संभव यातून निर्माण होतो. म्हणून घरातील सर्व औषधे, गावठी औषधांसह, एका पिशवीत घालून वर्षातून एकदा तरी एकाच डॉक्टरांना दाखवावीत.

रापण ओढणाऱ्यांची पाठदुखी आणि मासळीच्या टोपल्या वाहणाऱ्या स्त्रियांची मानदुखी ही कष्टांतून येते. तीवर रोज वेदनाशामक घेतल्याने जठर व मूत्रपिंडांस अपाय होतो. शेक, व्यायाम आणि ओझ्याची विभागणी यांचा लाभ अधिक टिकतो. रक्तदाबासाठी दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवावे व त्यात सुके बांगडे, सुकट आणि लोणची यांतील मीठही मोजावे.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. पथ्य व व्यायाम हे रक्तदाब, मधुमेह, अपस्मार, क्षयरोग किंवा मानसिक विकारांवरील औषधांना पूरक आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती औषधे कधीही बंद करू नयेत. झाडपाल्याचे औषधही औषधच होय. तेही अज्ञात मात्रेत घेणे निर्धोक नसते.

गावाने काय करावे?

ग्राम आरोग्य, पाणीपुरवठा, पोषण व स्वच्छता समितीने या विषयावर सभा घ्यावी. पावसाळ्यापूर्वी विहिरींची सफाई आणि नियमित टी.सी.एल. पावडर यांमुळे जे जुलाब टळतील, त्यांच्यासाठी औषध लागणारच नाही. शिक्षकांनी साखर-मिठाचे द्रावण वर्गात करवून घ्यावे आणि घड्याळ लावून श्वास मोजण्यास शिकवावे. दवाखान्यात प्रत्येकाने तीन प्रश्न विनयपूर्वक विचारावेत : हे औषध कशासाठी आहे? ते किती दिवस घ्यावयाचे? ते न घेता काही दिवस वाट पाहिली तर चालेल काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांचे स्वागतच करील.

औषध हे विज्ञानाने दिलेले मोलाचे साधन आहे. लावणीहून तापाने फणफणत आलेल्या शेतकऱ्यास ज्या दिवशी प्रतिजैविकाची खरी गरज भासेल, त्या दिवशी ते गुणकारी राहिले पाहिजे. यासाठी आज साध्या सर्दीत ते न घेणे, हे गावाचे सामुदायिक कर्तव्य होय.