'सदका' आणि 'त्झेदाका' : यहुदी शाळा मुलांना न्याय कसा शिकवतात?

शुक्रवारी शाळा सुटण्याआधी अनेक यहुदी शाळांमध्ये वर्गात एक छोटी डबी फिरते. सूर्यास्ताला शब्बात, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो. त्याआधी प्रत्येक मूल डबीत एखादं नाणं टाकतं. या दानाचं नाव आपल्या कानांना लगेच ओळखीचं वाटेल : 'त्झेदाका'. आपल्या 'सदका' शब्दाचं हे हिब्रू भावंड.

गाझाच्या बातम्या पाहून आपल्या मुलांच्या मनात यहुदी म्हणजे फक्त युद्ध, असं चित्र तयार होतं. ते अपुरं आहे. म्हणूनच ही शिकवण समजून घ्यायला हवी.

उपकार नव्हे, देणं

दोन्ही शब्दांचं मूळ एकच. अरबीत ते खरेपणाकडे जातं, हिब्रूत न्यायाकडे. त्यामुळे यहुदी मुलाला लहानपणापासून सांगितलं जातं की, त्झेदाका म्हणजे मेहेरबानी नाही, ते आपल्यावर असलेलं देणं आहे. तौरातच्या आज्ञेनुसार शेतकऱ्याने शेताचे कोपरे कापायचे नाहीत आणि खाली पडलेली कणसंही उचलायची नाहीत. ती गरिबाची आणि परक्या मुसाफिराची. कुरआननेही संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा 'हक' सांगितला आहे, हे आपण जाणतोच.

आणखी एक नियम मुलांना चकित करतो. जो स्वतः त्झेदाकावर जगतो, त्यानेही त्यातून थोडं द्यायचं. म्हणजे घेणारा कायम घेणारा राहत नाही, त्याचाही मान राहतो.

वर्गातून मोहल्ल्यात

हे नुसतं पाठ करून कळत नाही. म्हणून शाळा मुलांना जवळच्याच वस्तीत नेतात. कुठे फूड बँकेत डबे लावायचे, कुठे वृद्धाश्रमात आजी-आजोबांशी गप्पा मारायच्या, कुठे बाग साफ करायची. यहुदी परंपरेत साधारण 12-13 व्या वर्षी मूल धर्माच्या बाबतीत जबाबदार मानलं जातं. या वयात अनेक मुलं एखादं सेवाकार्य हाती घेतात.

पण खरा धडा काम संपल्यावर सुरू होतो. चांगला शिक्षक वर्गात विचारतो : काम करणाऱ्या माणसालाही फूड बँकेत का यावं लागतं? घरभाडं किती आहे? हे बदलणं कुणाच्या हातात आहे? इथे दया संपते आणि न्यायाचा विचार सुरू होतो.

मुसा बिन मैमून यांच्या आठ पायऱ्या

या वर्गांमध्ये एक नाव हमखास येतं : मायमोनिडीस, म्हणजेच मुसा बिन मैमून. 12 व्या शतकात कॉर्डोबात जन्मलेले हे यहुदी विद्वान पुढे इजिप्तमध्ये सुलतान सलाहुद्दीन यांच्या दरबारी हकीम होते. 1204 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वात खालची, कुरकुरत देणं. वरून दुसरी, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांची ओळखच नसणं. आणि सर्वात वरची, गरजूला काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन पायावर उभं करणं, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही.

मशिदीत शिजलेलं सूप

ब्रिटनमध्ये लॉरा मार्क्स यांनी 'मित्झ्वा डे' सुरू केला. दर नोव्हेंबरला होणाऱ्या या दिवशी पैसे नाही, वेळ द्यायचा असतो. यहुदी शाळाही त्यात उतरतात. त्यातूनच प्रेरणा घेऊन तिथल्या मुस्लिमांनी 'सदका डे' सुरू केला. ईस्ट लंडन मशिदीत तर दोन्ही समाजांच्या लोकांनी मिळून बेघरांसाठी चिकन सूप बनवलं होतं. बर्मिंगहॅमच्या किंग डेव्हिड या यहुदी प्राथमिक शाळेत तर मुस्लिम मुलं मोठ्या संख्येने शिकत आली आहेत.

आणि आपली मुलं?

आता जरा आपल्याकडे पाहू. रमजानमध्ये आपण रेशनचे किट वाटतो, मुलांनाही सोबत नेतो. नियत चांगलीच असते. पण किट हातात देताना फोटो काढला जातो. रांगेत त्याच्याच वर्गातला मुलगा आईसोबत उभा असेल, तर? आपलं मूल त्या दिवशी काय शिकेल? आणि तो मुलगा?

उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, ही तालीम आपलीच आहे. येत्या रमजानमध्ये एवढंच करून पाहू : मोबाइल खिशात ठेवू, किट अंधार पडल्यावर दारात ठेवून येऊ आणि घरी परतल्यावर मुलांशी बोलू. त्या घरात कमावणारं कोण आहे? त्यांना पुढच्या वर्षी किट लागू नये म्हणून काय करता येईल? शिलाई मशीन, हातगाडी की मुलाची फी? मुलांची उत्तरं ऐकू. त्यातलं एक तरी काम घरच्यांनी मिळून पूर्ण करू.