किशोरवयातील कण्याची पार्श्ववक्रता, शस्त्रक्रिया आणि फुप्फुसांची कार्यक्षमता

प्रस्तावना :
पाठीचा कणा एका बाजूस झुकणे व त्याच वेळी स्वतःभोवती पिळला जाणे या विकृतीस स्कोलिओसिस अथवा पार्श्ववक्रता असे म्हणतात. अमेरिकन अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार क्ष-किरण चित्रावर मोजलेला कोन १० अंश वा अधिक भरल्यास हे निदान केले जाते. किशोरवयात सुमारे २ ते ३ टक्के मुलामुलींत ती आढळते व बहुतेकांत तिचे निश्चित कारण सापडत नाही. पालकांच्या मनातील पहिली भीती मात्र श्वासाची असते. ही भीती कितपत साधार आहे आणि शस्त्रक्रियेने श्वसन सुधारते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

श्वसनावरील परिणाम :
छातीच्या भागातील मणके पिळले की त्यांना जोडलेल्या बरगड्याही फिरतात. एका बाजूस त्या मागे येऊन उंचवटा दिसतो, तर दुसऱ्या बाजूस एकमेकींजवळ दाटतात. छातीचा पिंजरा ताठर होतो व फुप्फुस निरोगी असूनही पूर्ण फुलत नाही. दम्याप्रमाणे येथे श्वासनलिका अरुंद झालेल्या नसतात; हवेसाठी जागाच कमी पडते.

कोन वाढला की श्वास घटतो, हे समीकरण सोपे असले तरी अपुरे आहे. न्यूटन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सहाशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात वक्राचा कोन, त्यात सामील मणक्यांची संख्या आणि पाठीची नैसर्गिक गोलाई हरवणे यांचा श्वसनक्षमतेशी संबंध दाखविला. तथापि रुग्णारुग्णांतील फरकाचा जेमतेम पाचवा हिस्साच या घटकांनी उलगडला. विकृती कोणत्या वयात सुरू झाली हेही निर्णायक ठरते. फुप्फुसातील वायुकोशांची वाढ प्रामुख्याने बालपणीच होते. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी उद्भवलेली वक्रता खरी घातक असते. किशोरवयात सुरू झालेल्या व उपचार न घेतलेल्या रुग्णांचा वाइनस्टाइन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आयोवा येथे केलेला पन्नास वर्षांचा पाठपुरावा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे आयुर्मान इतरांसारखेच आढळले. धाप लागण्याचा धोका वाढला तो मुख्यतः ८० अंशांपुढील वक्रांत.

शस्त्रक्रिया :
शस्त्रक्रियेचा सल्ला सामान्यतः ४५ ते ५० अंशांच्या पुढे दिला जातो. त्यामागील प्रमुख हेतू वक्र पुढे वाढू न देणे हा असतो, कारण छातीतील ५० अंशांवरील वक्र वाढ थांबल्यानंतरही हळूहळू वाढत राहतात. थोडक्यात, येथे गमावलेला श्वास परत मिळविण्यापेक्षा असलेला राखणे अधिक महत्त्वाचे ठरते. पॉल हॅरिंग्टन यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धातूच्या दांड्याने वक्र ताणून सरळ होत असे, परंतु पाठ सपाट होऊन छातीची खोलीही घटे. आजच्या स्क्रू-पद्धतीत ही गोलाई परत आणण्यास वाव असतो. मात्र सर्व लक्ष बाजूच्या वक्रावरच राहिल्यास तोच दोष पुन्हा घडू शकतो. पाठीमागून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर क्षमता बहुधा टिकते वा किंचित सुधारते. छाती उघडून अथवा बरगड्या कापून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ती आरंभी घटते व भरून येण्यास सुमारे दोन वर्षे लागू शकतात.

मापनातील अडचण :
स्पायरोमेट्रीत जोराने सोडलेली हवा लिटरमध्ये मोजून ती अपेक्षित मूल्याच्या टक्केवारीत मांडतात, आणि हे अपेक्षित मूल्य उंचीवरून ठरते. कणा वाकल्याने उंची कमी भरते, अपेक्षा खाली येते व टक्केवारी फसवी चांगली दिसते. शस्त्रक्रियेनंतर उंची काही सेंटिमीटर वाढली की तेवढीच हवा सोडूनही टक्केवारी उतरते. उलट, वाढत्या मुलीच्या लिटरच्या आकड्यात दोन वर्षांत दिसणारी भर केवळ नैसर्गिक वाढीचीही असू शकते. यास्तव उंचीऐवजी दोन्ही हात पसरून घेतलेले बोटांच्या टोकांमधील अंतर धरण्याची पद्धत आहे. दोन अहवालांची तुलना करताना दोन्हींत एकच आधार घेतला आहे काय, हे आकड्यांआधी पाहावे लागते.