चाकावरचं घर घेताय? आधी भिंतीच्या आत काय भरलंय ते बघा

विष्णुपुरी : रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायचं म्हणजे शेतात मुक्काम आला. रानडुकराचं भ्या, सापाचं भ्या, पावसाळ्यात चिखल. म्हणून आमच्याकडं आता बरेच जण चाकावरची पॅनलची खोली घ्यायला लागलेत. ट्रॅक्टरला जोडली की या शेतातून त्या शेतात नेता येते. कुणी माळेगावच्या यात्रेत दुकान आणि मुक्काम एकातच व्हावा म्हणून पिकअपवर बॉडी बांधून घेतंय. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून कृषी पर्यटनवाले पण चौकशी करतात.

कॅराव्हॅन म्हणा, फूड व्हॅन म्हणा नाहीतर जागलीची खोली म्हणा, भिंत सगळ्यांची एकाच जातीची असते. दोन पातळ पत्रे आणि मधे हलका माल. बाहेरून सगळ्या सारख्याच चकचकीत दिसतात. फरक आत असतो.

मी कुठं फसलो

तीन वर्षांमागं मी अशीच एक खोली घेतली. रंग बघितला, दार-खिडकी बघितली, भाव केला आणि घेऊन आलो. वर सोलर प्लेट पाहिजे होती, ती मीच छतात सरळ स्क्रू मारून बसवली. दुसऱ्या पावसाळ्यात छत दाबलं की खाली जायला लागलं आणि कोपऱ्यात वास सुटला. उघडून बघितलं तर आत थर्माकोल, त्यात मुंग्यांचं वारूळ, आणि कडेची लाकडी पट्टी कुजून भुगा झालेली. विकणाऱ्यानं सांगितलं नाही हे खरं. पण मी विचारलं पण नव्हतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

भिंतीला ताकद कुठून येते

पत्रा अर्धा मिलिमीटरचा, हातानं वाकतो. मधला फोम नखानं टोकरला जातो. पण दोन पत्रे फोमला घट्ट चिकटले की तीच भिंत माणसाचं वजन पेलते. लोखंडी गर्डरला वरची आणि खालची पट्टी असते, मधे पातळ उभा पत्रा, तसंच हे काम आहे. म्हणजे खरी ताकद चिकटवणीत आहे. चिकटवणी सुटली की उरतो नुसता पातळ पत्रा.

म्हणून खोली बघताना बोटाच्या पेरानं सगळीकडं ठोकून बघा. नीट चिकटलेल्या जागी भरीव आवाज येतो. सुटलेल्या जागी रिकाम्या डब्यासारखा येतो. कोपरे, खिडकीच्या कडा आणि छत जास्त ठोका.

आत काय भरतात

थर्माकोल : सगळ्यात स्वस्त. पांढरे मणी मणी दिसतात. उंदीर-मुंग्यांना घर करायला सोपा. शंभर अंशांच्या आतच मऊ पडायला लागतो.

पफ : पिवळसर, बारीक फोम. कोल्ड स्टोरेजच्या भिंतीत हाच असतो. उष्णता सगळ्यात कमी आत सोडतो. ५० मिलिमीटर पफ जेवढं ऊन अडवतो, तेवढं अडवायला थर्माकोल ७५ ते ८० मिलिमीटर लागतो. चांगल्या पफची घनता घनमीटरला ४० किलोच्या आसपास असते. ती बिलावर लिहून घ्या.

रॉकवूल : दगड वितळवून केलेला कापसासारखा माल. जळत नाही, हा मोठा गुण. पण वजनाला जास्त आणि पाणी धरून ठेवतो.

ओळखायचं कसं? विकणाऱ्याकडून कापलेला तुकडा मागा. मधल्या मालाचं एक बोटभर पेर काढा आणि उघड्यावर, विस्तवापासून लांब, त्यावर दोन थेंब पेट्रोल टाका. थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. पफ विरघळत नाही. तुकडा द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो. आत झोपायचं असेल तर पफच घ्या, ५० मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि बाहेरचा रंग पांढरा. गडद रंग दिसायला भारी, पण उन्हात तो पत्रा हात लावू देत नाही.

वजनाचा हिशोब

समजा १० फूट लांब, ६ फूट रुंद, साडेसहा फूट उंच खोली आहे. भिंती आणि छत मिळून साधारण २५ चौरस मीटर होतात. ५० मिलिमीटर पफला दोन्हीकडून अर्धा मिलिमीटर लोखंडी पत्रा असेल तर चौरस मीटरला १० किलो, म्हणजे अडीचशे किलो. दीड मिलिमीटर फायबर लावलं तर १६० किलोच्या आसपास. अर्धा मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम लावलं तर सव्वाशे किलोच्या आत.

यात खालची चौकट, फळी, दार, पलंग धरलेलं नाही. दोनशे लिटरची पाण्याची टाकी भरली की दोनशे किलो तिथंच वाढले. शेतात उभी राहायची असेल तर लोखंडी पत्रा चालतो. रस्त्यावर पळवायची असेल तर हलका माल घ्या आणि आरसी बुकावरचं वजन आधी वाचा.

पाणी शिरतं ते भोकातून

पॅनल मधून कधी गळत नाही. गळतं ते सांध्यातून, खिडकीच्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून. एकदा आत गेलेलं पाणी वाळत नाही. म्हणून ऑर्डर देतानाच सांगा, सोलर प्लेट कुठं, पंखा कुठं, मांडणी कुठं. त्या जागी पॅनल बनवतानाच आत धातूची पट्टी बसवतात, म्हणजे स्क्रू पट्टीत बसतो, फोममध्ये नाही. मी हेच केलं नव्हतं.

छताला उतार पाहिजे. ताब्यात घेताना पाण्याचा पाईप लावून अर्धा तास छतावर पाणी सोडा आणि आत बसून बघा. लाज धरू नका, पैसे आपले आहेत.

गॅस आणि आग

थर्माकोल आणि पफ दोन्ही जळतात, आणि पफचा धूर विषारी असतो. आत चूल पेटवू नका. गॅसची शेगडी ठेवायचीच असेल तर तिच्या मागची भिंत रॉकवूलची करून घ्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. म्हणून फरशीलगत जाळीचं उघडं भोक पाहिजेच. बाहेर उडी मारता येईल एवढी एक खिडकी दाराच्या समोरच्या बाजूला ठेवा. लेकरं आत झोपणार असतील तर यात तडजोड नाही.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं गाडीत आरसीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. पिकअपवर खोली बांधायच्या आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला पण कळवा. नाहीतर अपघात झाल्यावर विम्याचं भांडण लागतं. शेतीच्या नावानं नोंदलेली ट्रॉली भाड्यानं धंद्याला लावणं हा पण वेगळा विषय आहे, तो आधी मिटवा.

बिलावर हे लिहून घ्या

आतला माल कोणता, त्याची घनता, पॅनलची जाडी, पत्र्याचा प्रकार आणि जाडी, आतली चौकट लाकडी का धातूची, एकूण वजन, आणि गळतीची हमी किती वर्षांची. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या पावसाळ्यात कुणाला आठवत नाही.

माझी खोली मी यंदा उघडून परत बांधून घेतली. आता पफ आहे, चौकट अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि सोलर प्लेट छतावर नाही, बाजूला खांबावर आहे. ठोकून बघायचं आणि तुकडा मागायचं पहिल्यांदाच सुचलं असतं तर एकाच खोलीचे पैसे दोनदा गेले नसते.