नव्या घराभोवतीची माती : औषधी वनस्पतींचा वाफा व हिरवळ

नवीन घर बांधून पूर्ण झाले की भोवतालच्या मोकळ्या जागेत एका बाजूस हिरवळ व दुसऱ्या बाजूस तुळस, गवती चहा, पुदिना अशा नित्योपयोगी वनस्पतींचा वाफा करण्याची योजना सामान्यतः आखली जाते. या दोहोंना आपण बाग याच नावाने ओळखत असलो तरी त्यांच्या गरजा भिन्न, किंबहुना काही बाबतींत परस्परविरोधी आहेत. दख्खनच्या पठारावरील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून या विरोधाचे स्वरूप प्रस्तुत लेखात विशद केले आहे.

माती

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, नव्या घराभोवती जी माती दिसते ती बहुधा तेथील मूळची माती नसते. पाया खणताना वरचा सुपीक थर खाली गाडला जातो आणि खालचा मुरूम वर येतो. त्यात विटांचे तुकडे, वाळू व सिमेंटचा चुरा मिसळतो आणि वाहनांच्या व माणसांच्या ये-जा करण्याने सर्व थर दडपला जातो. दडपलेल्या मातीत हवेच्या पोकळ्या उरत नाहीत व पाणी मुरत नाही. सिमेंटमधील चुन्यामुळे मातीची अल्कता वाढते. अशा मातीत लोह असूनही ते मुळांना विद्राव्य स्वरूपात मिळत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि केवळ त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. हे लक्षण पाण्याच्या अभावाचे समजून अधिक पाणी दिल्यास विकार बळावतो.

यासाठी लागवडीपूर्वी दोन सोप्या परीक्षा कराव्यात. तीस सेंटिमीटर लांब, रुंद व खोल असा खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, पाणी मुरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी दुसऱ्या दिवशीही दिसत असल्यास निचरा सदोष आहे असे समजावे. दुसरी परीक्षा विरल हायड्रोक्लोरिक आम्लाची. मातीवर त्याचे थेंब टाकताच फेस आला तर तीत कार्बोनेट आहे. मात्र येथील काळ्या मातीत चुनखडीचे खडे निसर्गतःच आढळतात, म्हणून फेसाचे कारण ठरविताना राडारोडाही पाहिला पाहिजे. राडारोडा वेचून काढणे, जमीन खोल खणणे आणि कुजलेले शेणखत भरपूर मिसळणे हाच यावरील उपाय होय.

वाफा

वाफ्यातील वनस्पतींची मांडणी नावांवरून न करता त्यांच्या पाण्याच्या गरजेवरून करावी. तुळस, अडुळसा व कोरफड यांना निचऱ्याची जागा आणि भरपूर ऊन लागते. पुदिना, ब्राह्मी व वेखंड यांना ओलावा हवा. वेखंड तर मूळची दलदलीतील वनस्पती आहे. कोरफड व वेखंड एकाच वाफ्यात लावल्यास त्यांपैकी एकीची हानी अटळ आहे. पुदिना धावत्या खोडांनी पसरत असल्याने तो कुंडीत बंदिस्त ठेवणे इष्ट.

खुडणीचेही शास्त्र आहे. तुळशीचा शेंडा खुडला असता त्यातून खाली येणाऱ्या ऑक्सिनचा प्रभाव कमी होतो, पानांच्या बगलेतील कळ्या फुटतात आणि झाड डेरेदार होते. मंजिऱ्या वेळीच खुडल्यास पानांची वाढ अधिक काळ टिकते.

हिरवळ

गवताचीही कापणी होते, पण तेथे वाढीचे केंद्र निराळे असते. गवताच्या पानाची वाढ त्याच्या तळाशी असलेल्या विभाजी ऊतीपासून होते, म्हणून वरचे टोक कापले तरी पान वाढत राहते. एका वेळी पात्यांच्या उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग मात्र कापू नये.

पठारी हवामानात हिरवळीसाठी हरळी, म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन, योग्य होय. हिचे मुळांसह तुकडे पावसाच्या आरंभी सुमारे १० सेंटिमीटर अंतरावर टोकावेत. सावलीत ती विरळ होते. ज्या गुणांमुळे ती हिरवळीत उपयोगी पडते त्याच गुणांमुळे शेतकरी तिला तण म्हणून खणून काढतो. तिची मूलक्षोडे वाफ्यात शिरली की तुळशीच्या मुळांतून ती वेगळी करणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून दोहोंच्या सीमेवर ३० सेंटिमीटर खोल शहाबादी फरशी उभी गाडावी. उलटपक्षी, हिरवळीतील रुंद पानांचे तण मारणारे २,४-डी हे औषध वाफ्यातील रुंद पानांच्या वनस्पतींनाही मारक असते. वाऱ्याने उडालेले तुषारही त्यांना घातक ठरतात. खाण्याच्या वनस्पतींशेजारी ते वापरूच नये, तण हातानेच काढावे.

पाण्याचा हिशेब

अखेर हिरवळीचे क्षेत्र किती असावे, हे पाण्यावरून ठरते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीला दररोज ५ मिलिमीटर पाणी लागते असे गृहीत धरल्यास १०० चौरस मीटर हिरवळीस रोज ५०० लिटर पाणी द्यावे लागेल. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी पाणीपुरवठ्याचे प्रमाण माणशी दररोज १३५ लिटर धरले जाते. म्हणजे ही हिरवळ तीनहून अधिक माणसांचे पाणी पिते. पुण्यासारख्या ठिकाणी पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. तेव्हा उरलेल्या काळात हे पाणी धरणातून किंवा विहिरीतूनच यावयाचे, हे उघड आहे.

हरळीच्या स्वभावातच यावर तोड आहे. पाणी तोडल्यास ती पिवळी पडते, पण मूलक्षोडे जिवंत राहतात व पहिल्या पावसाने पुन्हा फुटतात. चैत्र-वैशाखात हिरवळ पिवळी दिसणे हे दुर्लक्षाचे लक्षण नव्हे, हे घरधन्याने मान्य केले तर बराचसा प्रश्न सुटतो. सारांश, नव्या घरी पहिले वर्ष मातीस द्यावे, हिरवळ बसण्याउठण्यापुरती ठेवावी आणि उन्हाळ्यातील मोजके पाणी, जेथे रोजच्या उपयोगाची पाने निघतात, त्या वाफ्यास द्यावे.