बेंबीमागील दोरी

कोंबडीनें तीन दिवस उबविलेलें अंडें फोडून पाहिलें असतां पिवळ्या बलकावर तांबड्या शिरांचें नाजूक जाळें दिसतें. त्या शिरांवाटे बलकांतील अन्न पिलास पोंचतें. मनुष्याचा गर्भहि आरंभीं अशाच एका पिशवीस जोडलेला असतो. तींत बलक जवळजवळ नसतोच. तथापि पिशवी, तिची नळी व तिच्या रक्तवाहिन्या सृष्टिक्रमानें तयार होतात. पुढें नाळेवाटे पोषण होऊं लागलें म्हणजे त्यांचें काम संपतें. त्यांतील एक वाहिनी लहान आंतड्यास रक्त पुरविणारी मुख्य रोहिणी होऊन राहते. बाकीचें बहुतेक साधारणतः नवव्या आठवड्याच्या सुमारास विरून जातें.

परंतु नेहमींच सगळें विरतें असें नाहीं. नळीचा मुळाकडील भाग उरला तर लहान आंतड्यास बोटासारखी एक पिशवी राहते. जर्मनींतील हाले येथील शारीरशास्त्रज्ञ योहान मेकेल यानें १८०९ सालीं तिचें वर्णन केलें. ही शंभरांत सुमारें दोघांस असते. याहून पुष्कळ विरळ प्रकार म्हणजे जुनी रक्तवाहिनीच दोरीसारखी मागें राहणें. आंतडें ज्या पडद्यानें पाठीच्या भिंतीस टांगलेलें असतें त्या पडद्यास तिचें एक टोंक, आणि दुसरें त्या पिशवीस किंवा बेंबीच्या आंतील बाजूस. कित्येकांस ती जन्मभर कळतहि नाहीं.

आंतडें मात्र स्वस्थ नसतें. तें सारखें हलत असतें. एखादे वेळीं त्याचें वेटोळें दोरीखालीं शिरतें, आणि वासराचा पाय दाव्यांत गुंतावा तसें अडकून बसतें. मग पोटांत कळा येतात, पोट फुगतें, हिरवी वांती होते, शौच व वारा सरणें बंद पडतें. वेटोळ्याचा रक्तपुरवठा तुटल्यास कांहीं तासांतच तें मरूं लागतें.

पोट दुखलें कीं एरंडेलाची बाटली काढण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. वाट बंद असतां रेचक देणें म्हणजे कोंडलेल्या गर्दीस मागून लोटणें होय. आंतडें फुटण्याचेंहि भय असतें. हिरवी वांती दिसतांच, तोंडावाटे कांहीं न देतां, मुलास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

पोटावर पूर्वीं शस्त्रक्रिया झालेली असल्यास आंत चिकट तंतु होऊन अडथळा येतो, हें डॉक्टर जाणतात. ज्याचें पोट कधींच उघडलेलें नाहीं त्याच्याविषयीं मात्र या जन्मजात दोरीची शंका घ्यावी लागते. क्ष-किरणांत फुगलेलीं वेटोळीं दिसतात, दोरी दिसत नाहीं. ती बहुधा शस्त्रक्रियेच्या वेळींच सांपडते. ती आधीं बांधून मगच कापतात, कारण तींतून कधीं कधीं अद्याप रक्त वाहत असतें. नंतर काळवंडलेलें आंतडें ऊन मिठाच्या पाण्यांत भिजविलेल्या फडक्यांत गुंडाळून कांहीं मिनिटें थांबतात. पुन्हां गुलाबी रंग चढला तर तें तसेंच आंत ठेवतात. न चढल्यास तेवढा भाग काढून दोन्ही टोंकें शिवतात.