दिव्यांगांचे हक्क : वकिलांचेही गैरसमज

दिव्यांगांच्या हक्कांची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलांच्या आणि कार्यकर्त्यांच्या एका मेळाव्यात मला बोलायला बोलावलं होतं. सुरुवातीलाच मी विचारलं, दिव्यांग व्यक्तीला सरकारी खर्चानं वकील मिळायला उत्पन्नाची मर्यादा किती? कोणी एक लाख म्हणालं, कोणी तीन लाख. ‘मर्यादाच नाही’ हे बरोबर उत्तर मागच्या रांगेतून आलं, व्हीलचेअरवर बसलेल्या एका कार्यकर्तीकडून. काळ्या कोटातल्या आम्हा मंडळींपैकी कोणीही ते दिलं नाही. तेव्हापासून मी अशा मेळाव्यांत कायद्यापेक्षा गैरसमजांवरच जास्त बोलतो.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील कोणाला मिळतो याची यादी आहे. कमी उत्पन्न हा त्यातला एक स्वतंत्र निकष. दिव्यांग व्यक्ती, महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक यांना उत्पन्नाची अट लागतच नाही. अर्ज तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाकडे द्यायचा. कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही त्यातच येतो. फोन करायचा तर १५१०० हा क्रमांक आहे.

दुसरा गैरसमज दिव्यांगत्वाच्या टक्क्यांचा, आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. शिवणकाम करणारे एक काका माझ्याकडे आले होते. पिशवीतून दुसरी पिशवी, तिच्यातून प्लास्टिकचं पाकीट आणि त्यात घडीवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. त्यावर ३५ टक्के. ‘चाळीसच्या आत म्हणजे आपण त्यात नाहीच ना, वकीलसाहेब?’ कागद हातात देऊन त्यांनी एवढंच विचारलं.

नोकरीतलं ४ टक्के आणि उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण यांसाठी ४० टक्के लागतात, हे खरं. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात भेदभावापासून संरक्षण आणि गरजेप्रमाणे वाजवी सोय मिळण्याचा हक्क यांना चाळिशीची अट नाही. लिहिताना हात आखडतो म्हणून परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये हेच स्पष्ट केलं. शिवाय प्रमाणपत्राचा निर्णय मान्य नसेल तर नव्वद दिवसांत अपील करता येतं. काकांचे नव्वद दिवस कधीच उलटून गेले होते. अपील असतं, हे वैद्यकीय मंडळाच्या तपासणीच्या दिवशी त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं. त्या रांगेत मी असतो तर एका वाक्यात काम झालं असतं, ही हळहळ माझी अजून गेलेली नाही.

उलट बाजूनंही टक्क्यांची भीती घातली जाते : ‘टक्के जास्त, म्हणजे डॉक्टरकी विसरा.’ वाणीदोष असलेल्या महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं, की केवळ आकड्यावरून एमबीबीएसला अपात्र ठरवता येणार नाही. हा विद्यार्थी शिकू शकतो का, हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळानं पाहून कारणांसह सांगायला हवं.

आणि दिव्यांगत्व डोळ्यांना दिसलंच पाहिजे असंही नाही. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात घरोघरी ठाऊक असलेला सिकलसेल त्यात आहे, थॅलेसेमिया, पार्किन्सन आणि स्वमग्नताही आहे.

नोकरीत असताना अपघातानं किंवा आजारानं दिव्यांगत्व आलं तर? साहेब सांगतात, ‘स्वेच्छानिवृत्ती घ्या, मुलाच्या नोकरीचं बघू.’ माणूस घाबरून सही करतो. २०१६ च्या कायद्याचं विसावं कलम सांगतं, की सरकारी आस्थापनेला अशा कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दाही कमी करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याला अधिसंख्य, म्हणजे जादा निर्माण केलेल्या पदावर ठेवायचं. खाजगी नोकरीला हे कलम लागू नाही. तशी आशा अशिलाला लावणं मला चुकीचं वाटतं.

दाद मागायला थेट उच्च न्यायालयच गाठायला हवं असंही नाही. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे. त्याच्यावर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. तिथं वकिलाशिवाय स्वतःही तक्रार देता येते. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयानं तीन महिन्यांत कारवाई कळवायची, आणि शिफारस मान्य नसेल तर कारण द्यायचं.

या सगळ्या वाटा एकाच ठिकाणी अडतात : तोंडी नकार. ‘तुमचं बसत नाही’ या शब्दांविरुद्ध अपील करता येत नाही. म्हणून नकार लेखी मागा, त्यावर कारण, तारीख आणि शिक्का घ्या. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणाला नुकतंच प्रमाणपत्र मिळालं असेल, तर ते आजच काढून त्यावरची तारीख बघा. नव्वद दिवस अजून संपलेले नसतील.